टिबुकलीची उघडी अंडी

गजानन भंगाळे रिटायर झाले आणि कॉलनीला एक पक्षीतज्ज्ञ फुकटात मिळाला. त्याआधी सारी नोकरी त्यांनी मिलमध्ये कागदाची जाडी तपासण्यात घालवली होती, आणि त्या जाडीबद्दल कुणी त्यांना कधी चहा पाजून दोन शब्द विचारले नव्हते. मग मुलानं, सागरनं, पुण्याहून लांब नळीचा कॅमेरा पाठवला आणि माणसाचं नशीब फिरलं. रोज चहाच्या आधी कॉलनीच्या ग्रुपवर एक पक्षी येऊ लागला. खाली चार ओळी माहिती. बायका "वा भाऊ" लिहायच्या, माणसं अंगठा दाखवायची, आणि भंगाळे दिवसभर फोन उघडून ते अंगठे बघायचे. बघू देत बिचारे. एवढ्या उशिरा मान मिळाला की माणूस तो जरा जास्तच चाखतो.

बुऱ्हाणपूर शहर संपलं की मिलची ही कॉलनी लागते. घरं बहुतेक रावेर-यावलकडच्यांची. पोटासाठी इकडे आले, बोलण्यात हिंदी शिरली, पण हरतालिका, गणपती, गौरी काही सुटलं नाही. कॉलनीच्या मागे मिलनं कधीकाळी खोदलेला तलाव आहे. मिलला आता त्याचं पाणी लागत नाही, म्हणून त्यात लव्हाळा माजलाय, आणि त्या लव्हाळ्यात टिबुकल्या राहतात.

आता टिबुकली म्हणजे काही राजहंस नव्हे. दोन मुठींएवढा गोळा, शेपटी म्हणावी तर नाहीच. मागून बघितली तर कुणी कापसाचा मळका बोळा पाण्यावर सोडलाय असं वाटतं. पावसाळ्यात मात्र नर-मादी दोघांच्या मानेला विटकरी रंग चढतो, आणि चोचीच्या मुळाशी हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका उमटतो. माणसाची चाहूल लागली की ती जराही आवाज न करता बुडते. तुम्ही इथे डोळे ताणून बसता, आणि ती तिकडे लव्हाळ्यात केव्हाच वर आलेली असते. ओरडणं तेवढं अंगाच्या मानानं फार. शिंगरू खिंकाळावं तसं किणकिणत ओरडते.

पण तिचं खरं कौतुक घरट्याचं. ती घरटं बांधते पाण्यावरच, कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग करून. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी निर्माल्य टाकलंय. आणि अंड्यांवरून उठायची वेळ आली की ती आधी चोचीनं ओलं शेवाळ ओढून अंडी झाकते, मगच पाण्यात उतरते. कितीही घाई असो. भंगाळ्यांनी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा बायकांनी एवढे हात जोडले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

श्रावणात गणपती मंडळाची बैठक झाली तेव्हा भंगाळे उभे राहिले. म्हणाले, टिबुकली अंड्यावर बसलीये. यंदा तलावात विसर्जन नको, हरतालिकेची पत्रीही नको. पिल्लं आईच्या पाठीवर बसून हिंडायला लागेपर्यंत कुणी पाण्याकडे फिरकूच नये.

कुरकुर झाली. गणपती तापीच्या राजघाटावर न्यायचा म्हणजे ट्रॅक्टर आला, डिझेल आलं. शेवटी बोलल्या त्या भागीरथीबाई. बाबुराव तायड्यांची बायको, कॉलनीतली सगळ्यात जुनी बाई. पहिल्या दिवशी गणपतीला पहिला नैवेद्य त्यांच्या घरचा, पुरणाच्या तळलेल्या मोदकांचा. हा मान कुणी ठरवून दिला नव्हता, पण कॉलनीतला पहिला गणपती बसला तेव्हापासून तो त्यांचाच होता. त्या म्हणाल्या, "पाखराले लेकरं होऊन राह्यली, तं आपन कायले आड यायचं? मी माहा महादेव घरीच विरघळवीन, बादलीत." भागीरथीबाईंनीच मान्य केलं म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं बंद झाली.

मंडळाच्या सेक्रेटरी प्रतिभा झोपे तर एवढ्या पेटल्या की यंदाचा देखावाच टिबुकलीचा ठरला. थर्माकोलचा तलाव, कापसाचा पक्षी, आणि मागे मोठा फ्लेक्स, भंगाळ्यांच्या फोटोंचा. फक्त एक गोष्ट कमी होती.

"भाऊ, अंड्यांचा एकही फोटो नाही," प्रतिभावहिनी म्हणाल्या.

"ती झाकून ठेवते ना. सांगितलं तर मी."

"हो, पण मग आहेत कशावरून? लोक विचारतील." आणि त्या हसल्या. थट्टाच होती, पण ती भंगाळ्यांना विंचवासारखी चावली.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी भंगाळे तलावावर गेले. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरले. ज्या माणसानं सगळ्या कॉलनीला काठावर थोपवलं होतं, तोच चिखलात पाय रोवत घरट्याकडे निघाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टिबुकलीनं त्यांना येताना पाहिलं, घाईघाईनं शेवाळ ओढलं आणि बुडाली. भंगाळ्यांनी दोन बोटांनी ते ओलं शेवाळ अलगद उचललं. खाली अंडी होती. घातली तेव्हा पांढरी असणार, पण शेवाळाचे डाग बसून आता चहाच्या रंगाची झालेली. त्यांनी फोटो काढले.

शेवाळ परत ठेवायचं, एवढंच काम होतं. पण त्यांच्या मनात आलं, आई परत येऊन उघड्या अंड्यांवर बसते तो फोटो मिळाला तर बुऱ्हाणपूरच काय, इंदूरच्या पेपरात येईल. ते काठावर येऊन लव्हाळ्याआड बसले. टिबुकली येईना. माणूस दिसतोय तोवर ती कशी येईल? हे त्यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं.

तेवढ्यात बायकोचा, मालतीबाईंचा फोन आला. "शनवाऱ्याच्या बाजारात केवडा आलाय म्हणे. संपायच्या आत आणा. मी उपाशी आहे, दुसरी धावपळ माझ्यानं होणार नाही." भंगाळे उठले. वाटलं, मी गेलो की ती येईलच. आई आहे, झाकेल स्वतः.

शनवाऱ्यात केवडा मिळाला. तिथूनच सरळ घरी यायला हवं होतं. पण पुढच्याच पेठेत, इतवाऱ्यात, फ्लेक्सवाला होता, आणि कॅमेरा गळ्यात होता. भंगाळे म्हणाले, दाखवून तर जाऊ. फ्लेक्सवाल्यानं फोटो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाला, "क्या मस्त फोटो है सर। यही बीच में बड़ा लगाता हूँ।" मग चहा आला. मग त्यानं शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, त्याला टिबुकली समजावून सांगण्यात आणखी वेळ गेला. माणसाला कुणी सर म्हटलं की त्याला घर आठवत नाही.

ते परतले तेव्हा ऊन चढलं होतं. मालतीबाईंच्या हातात केवडा देऊन ते तलावावर गेले. घरट्यावर दोन कावळे बसले होते. भंगाळ्यांनी दगड मारला, ओरडले, पाण्यात धावले. काही उपयोग नव्हता. टरफलाचे तुकडे आणि शेवाळावर पिवळा ओघळ, एवढंच उरलं होतं. लांब लव्हाळ्यापाशी टिबुकली वर आली, बुडाली, पुन्हा वर आली. या वेळी ती ओरडली नाही.

भंगाळे घरी आले आणि त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला. "ते अंड्यांचं छापू नका. नुसता पक्षी घ्या." आपण हे का करतोय ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळूनही त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. देखाव्यासोबत दाखवायला तलावाचा व्हिडिओ काढायचा म्हणून प्रतिभावहिनी दोन-तीन बायकांना घेऊन सकाळीच काठावर गेल्या. समोरून भागीरथीबाई येत होत्या. हातात ओला तांब्या, दुसऱ्या हातात बेलाची चार पानं. "घरी बादलीत महादेव विरघळवायचा, तं पानी तरी तलावाचंच असू द्या म्हटलं," असं त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मग बायकांना घरटं दिसलं.

झालं. दोन आणि दोन चार करायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. प्रतिभावहिनींनी भंगाळ्यांना बोलावून घेतलं. कॉलनीचे पक्षीतज्ज्ञ काठावर उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा.

"भाऊ, तुम्ही बघा आणि सांगा. हे आपोआप झालं की माणसाचं काम आहे?"

भंगाळ्यांनी घरट्याकडे बघितलं. बाजूला सारलेलं शेवाळ तसंच पडलं होतं, त्यांच्या बोटांनी ठेवलेलं. ते म्हणाले, "माणसाचा हात लागलाय. टिबुकली स्वतः असं उघडं टाकून जात नाही."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

दुपारी प्रतिष्ठापना झाली. भंगाळे स्टुलावर उभे राहून फ्लेक्सची दोरी बांधत होते. भागीरथीबाई मोदकांचं ताट घेऊन आल्या. ताटावर क्रोशाचा रुमाल, केसांत फूल. प्रतिभावहिनी मांडवाच्या तोंडाशीच आडव्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही गेलात. जीव गेले ना. यंदा पहिला नैवेद्य दुसऱ्या घरचा दाखवू."

"मी काठावरूनच पानी घेतलं, बाई. आत नाही उतरली."

"मग शेवाळ कुणी काढलं? भंगाळेभाऊ स्वतः म्हणाले, माणसाचा हात आहे."

भागीरथीबाईंनी मान वळवून भंगाळ्यांकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि थोडा वेळ बघत राहिल्या. भंगाळे दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले. मग भागीरथीबाईंनी रुमाल नीट सारखा केला आणि ताट घेऊन आल्या तशा परत गेल्या. त्यानंतर त्या मांडवात आल्या नाहीत. बाबुराव एकटे येत, मागच्या खुर्चीवर बसत, आरती झाली की जात.

भंगाळ्यांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. रोज आरतीच्या वेळी लोक त्यांचा हात धरून म्हणत, "भाऊ, तुमच्यासाठी वाईट वाटतं हो. एवढी मेहनत, आणि त्या म्हातारीनं..." भंगाळे मान हलवत. त्या मान हलवण्याची त्यांना एवढी शरम वाटे की घरी येऊन ते बाथरूमचा नळ सोडून नुसते उभे राहत. रोज ठरवत, उद्या सांगू. उद्या आली की वाटे, आता एवढे दिवस गेल्यावर सांगितलं तर लोक विचारतील, मग इतके दिवस काय करत होतात? ग्रुपवर त्यांनी फोटो टाकणं बंद केलं. लोकांना वाटलं, दुःख झालंय. त्यावरही हात जोडले गेले.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी भंगाळे ओट्यावर दूर्वा निवडत बसले होते. मालतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हरतालिकेच्या दिवशी तुमच्या पँटला शेवाळ होतं. गुडघ्यापर्यंत. मीच धुतली."

भंगाळ्यांचा हात थांबला.

"मी तुमची बायको आहे. चार लोकांत तुमचं नाव मी घेणार नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये, आणि तुम्ही इथे दूर्वांच्या जुड्या बांधताय. देवाला हे चालत असेल तर चालू दे, मला चालत नाही." आणि त्या आत गेल्या. जेवायलाही हाक मारली नाही.

दुपारी भंगाळे तायड्यांच्या घरी गेले. मुद्दाम मागच्या दारानं गेले, कुणी बघू नये म्हणून. त्यांचा हिशेब असा होता की भागीरथीबाईंना एकटं गाठायचं, पाय धरायचे, त्या म्हणतील जाऊ द्या भाऊ, आणि गोष्ट तिथेच मिटेल. म्हातारं मन मोठं असतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. दुसऱ्याच्या मोठ्या मनावर आपली सोय लावणारी माणसं काही कमी नसतात.

भागीरथीबाई मागच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी पाट सरकवला. भंगाळे बसले नाहीत. उभ्यानंच, खाली बघत, सगळं बोलून टाकलं. शेवाळ, फोटो, केवडा, फ्लेक्सवाला, कावळे.

भागीरथीबाईंनी ऐकून घेतलं. हातातली पाकळी सोलून झाली, ती वाटीत टाकली.

"मले माहीत आहे, भाऊ."

भंगाळ्यांनी मान वर केली.

"त्या दिवशी मी बांधावर आघाडा तोडून राह्यली व्हती, पत्रीले. तुम्ही पान्यात व्हते. मी पाह्यलं."

"मग तुम्ही... तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मले काय वाटन? मी म्हटलं, भाऊ काहीतरी नीट करून राह्यले असतीन. तुम्हीच तं सांगितलं व्हतं, कोनी जाऊ नका. मंग तुम्ही गेले म्हंजे तुम्हाले समजत असन."

मागच्या अंगणात कुठेतरी खार ओरडत होती. भंगाळ्यांना वाटलं, या बाईनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मांडवात का नाही सांगितलंत मग? ताट घेऊन परत गेलात..."

"तुम्ही सांगसान म्हनून थांबली." भागीरथीबाईंनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही स्टुलावर व्हते. मी पाह्यलं तुमच्याकडं. म्हटलं, उतरतीन आता. नाही उतरले. मंग रोज आरतीची घंटी इथपर्यंत ऐकू ये. रोज मी हात जोडून इथंच उभी राही आन मनात म्हने, आज बोलतीन भंगाळेभाऊ. हे येत घरी, तं मी पुसे, काय झालं मांडवात? हे म्हनत, काही नाही."

"मला माफ करा, भागीरथीबाई."

"पयल्या दिवशी मी रागावलीच नव्हती तुमच्यावर. चुकते मानूस. नंतर रागावली." त्यांनी लसणाची साल फुंकून वाटीतून उडवली. "आन मले कायले सांगाले आले? मले तं माहीत व्हतं. ज्याईले माहीत नाही, त्याईले सांगा."

त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. भंगाळे निघाले. या वेळी पुढच्या दारानं.

संध्याकाळी मांडव भरला होता. उद्या विसर्जन, म्हणून शेवटच्या आरतीला सगळी कॉलनी आली होती. मागे फ्लेक्सवर टिबुकली होती, विटकरी मान, चोचीशी पिवळा ठिपका, खाली लाल अक्षरात छायाचित्र : श्री. गजानन भंगाळे. आरती सुरू व्हायच्या आधी त्यांनी प्रतिभावहिनींच्या हातातला माइक मागितला. लोकांना वाटलं, आभार मानणार.

त्यांनी गोष्ट लांबवली नाही. घरटं मी उघडलं, म्हणाले. फोटोसाठी. झाकलं नाही. उघडं टाकून शनवाऱ्यात गेलो, तिथून इतवाऱ्यात फोटो मिरवायला गेलो, आणि तेवढ्यात कावळ्यांनी अंडी फोडली. तायडेबाईंनी काठावरून तांब्याभर पाणी घेतलं, एवढंच. ते त्यांनी आपल्या नियमासाठीच घरी नेलं होतं.

पुढच्या रांगेत मालतीबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या. प्रतिभावहिनींचा चेहरा उतरला होता.

"पण भाऊ, मी त्या दिवशी तुम्हालाच विचारलं होतं."

"हो. मी माणसाचा हात म्हणालो. तो माझा होता, हे म्हणालो नाही."

मागच्या खुर्चीवरून बाबुराव उठले आणि मांडवाबाहेर जायला निघाले. प्रतिभावहिनी त्यांच्या मागे धावल्या, त्यांच्याबरोबर तायड्यांच्या घरी गेल्या. आरती तशीच थांबून राहिली. कापूर ताटात पडून होता. भंगाळे माइक हातात घेऊन फ्लेक्सखाली उभे होते, कारण बसा म्हणणारं कुणी नव्हतं आणि आपण होऊन बसायची त्यांची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळानं भागीरथीबाई आल्या. हातात ताट, ताटावर तोच क्रोशाचा रुमाल. मोदक ताजे होते, दुपारनंतरच तळलेले असणार. म्हणजे भंगाळे मागच्या ओट्यावरून गेल्यावर बाईंनी कढई चढवली होती. त्यांनी गृहीत धरलं होतं की हा माणूस आज बोलेल. हे भंगाळ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना एकदम रडू कोसळलं, सगळ्यांसमोर.

आरती झाली. प्रसाद भागीरथीबाईच वाटायला लागल्या, रांगेनं, एकेकाच्या हातावर. प्रतिभावहिनींनी मोदक घेताना त्यांच्या पायांना हात लावला. भागीरथीबाईंनी त्यांना उठवलं नाही, हात झटकलाही नाही. पुढे सरकल्या. भंगाळ्यांपाशी आल्या तेव्हा भंगाळ्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. मोदक समोर धरलेला होता आणि हात काही वर येईना.

"घ्या, भाऊ," भागीरथीबाई म्हणाल्या. "मागं लोक उभे हायेत."

भंगाळ्यांनी हात पुढे केला. मान मात्र वर आली नाही.